वाळूची पाळी

रात्री एक ते साडेतीन
रूळ आमचे.
शेवटची गाडी मदिनेकडे निघून गेली
की यंत्र पुढे, आणि मागे
सुवैलिम अन् मी,
यंत्राला न दिसलेली वाळू काढत :
सांध्यांतली, खिळ्यांच्या कानातली.

मोजणीच्या वर्षी, तो सांगतो,
इन्याकी नावाचा इंजिनिअर आला होता,
बारमाही पावसाच्या गावचा.
जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरून
दुभाष्यामार्फत त्यानं विचारलं,
"वाळू इथे कुठून येते?"
"येत नाही," सुवैलिम म्हणाला,
"राहते. तुम्ही येताय."
इन्याकी हसला नाही. लिहून घेतलं त्यानं.

मग भिंत झाली. पुरुषभर उंच.
पहिलाच शमाल सुटला
तशी वाळू भिंतीला टेकून बसली,
हळूहळू स्वतःचाच जिना केला तिनं
आणि पलीकडे उतरली.

सुवैलिमचा आजा वाटाड्या होता उंटांचा.
मक्का ते मदिना, बारा मुक्काम.
पहिल्याच रात्री तो यात्रेकरूंना नावं विचारी,
बापाचं, गावाचं,
आणि घोकत चाले.
माया म्हणून नव्हे.
कुणी वाटेत राहिलंच
तर निरोप कुठं धाडायचा, म्हणून.

राहिलेल्यांचे दगड अठरा.
रूळ त्यांच्यावरूनच जायचे होते,
ते नऊ मीटर सरकले.
नऊ मीटरांना एक वर्ष लागलं.
कागदावर मात्र सतराच दगड;
अठरावा भरावाखाली आहे,
कुठल्या खांबापाशी, सुवैलिमला ठाऊक.
तिथं तो फावडं उचलून धरतो, चार पावलं.
मी विचारत नाही.

परवा भरदुपारी गाडी अडली.
ताशी तीनशेची गाडी, चाळीस मिनिटं,
घोटाभर वाळूत.
आम्हाला झोपेतून उठवून नेलं.
काचेआड थंडगार माणसं,
कुणी फोनवर, कुणी माळ ओढत.
एका म्हातारीनं तळवा काचेला लावला,
मेंदीचा, काळसर.
सुवैलिमनं बाहेरून काहीतरी विचारलं.
तिचे ओठ हलले.
काच जाड होती.
गाडी गेली.

काल रात्री फावडं मारता मारता
तो ओठ तसेच हलवून बघत होता.
दोन अक्षरं असतील, म्हणाला.
मग थोड्या वेळानं :
तीन.