के गप्प

फिलोमिना बाईंच्या पडवीत आम्ही सात जणी,
खानापुरात, कौलांच्या कारखान्यामागं,
भट्टी लागली की वह्यांवर राख पडायची
आणि बाई फुंकर मारून म्हणायच्या, हं, पुढं.
त्या दिवशी फळ्यावर एकाखाली एक
के आणि एन, के आणि एन,
आठ वेळा, जू मानेवर घेतलेल्या जोड्यांसारखे.
"के लिहायचा," बाई म्हणाल्या, "बोलायचा नाही. के गप्प."

नी म्हणजे गुडघा.
नाइफ, सुरी. नॉक, दारावरची थाप.
निट, विणणं. नॉट, गाठ.
नीड म्हणजे मळणं, कणीक किंवा माती;
हा लगेच कळला,
सातातल्या चौघींचे बाप मातीच मळत होते.
नाइट म्हणजे योद्धा. तिथं कुणालाच काही आठवलं नाही.
शेवटी नो. माहीत असणं.

गुंजीच्या तुळसानं विचारलं,
"बोलायचाच न्हाई तर लिवायचा कशाला?"
बाईंनी डस्टर घेतलं नाही. अंगठ्यानंच
गाठीतला के पुसला.
राहिलं ते: नाही.
योद्ध्याचा पुसला, रात्र झाली.
विणण्यातला पुसला तर उवेची लीख.
आम्ही हसलो, आणि तिघी-चौघींनी डोकं खाजवलं.
"आवाज तोच," बाई म्हणाल्या,
"पण बघा, काय काय जातंय."

घरी चुलीपाशी पाठ करत बसले.
आई परातीत हात घालून.
"काय घोकूलाईस गे?"
सांगितलं. मळण्याशी आले तेव्हा
ती तोंडातल्या तोंडात म्हणाली, नादु,
आणि दाराकडं बघितलं.
बाहेर आत्या तांदूळ निवडत होती.
मी ऐकलं ते नाडु.
तो शब्द बसस्टँडच्या भिंतीवर असायचा,
मोर्चाच्या दिवसांत डांबर फासलेला.
नाडु म्हणजे मुलूख. नादु म्हणजे कणीक मळ.
द आणि ड. एवढं कळायला
मला तीस वर्षं लागली.

बैलहोंगलकडची ती. बसव्वा.
लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलं, वासंती.
आमच्या घरात तिचंच मराठी सगळ्यांत चोख,
रागातसुद्धा चुकायची नाही.
कुणी मनाई केली नव्हती.
फक्त एकदा, फार आधी,
आत्या हसली होती.

मागच्या मार्गशीर्षात ती न्हाणीत घसरली.
बेळगावच्या दवाखान्यात, बाकावर तिसरा तास,
फॉर्म माझ्या हातात,
भाषेचा रकाना मी केव्हाच भरून टाकलेला.
नर्स आली, विजापूरकडची असावी,
वाकून म्हणाली, एल्लि नोवु, अव्वा?
आई माझ्याकडं न बघता म्हणाली:
मोणकालु.

गुडघाच. पण मधोमध क,
चांगला खणखणीत.
आणि मग ती थांबेचना.
नर्सनं स्टूल ओढलं. मला दहातले तीन शब्द कळत होते,
एकदा माझं नाव आलं, दोघी हसल्या.
आईचा आवाज जरा जाड होता त्या भाषेत,
मोठ्या बहिणीचा असतो तसा.
मला मावशी आहे का, हेही कधी विचारलं नव्हतं.

जाताना नर्स माझ्याकडं वळून म्हणाली,
गोत्ताय्तेन्री?
हा शब्द इथं कुणाला माहीत नसतो!
कंडक्टर रोज म्हणतो, भाजीवाली म्हणते.
मी मान हलवली, हो अशी, नाही अशी,
आणि अंगठा ओला करून
त्या रकान्यावरून फिरवला.
पुसलं नाही.
बॉलपेन होतं.