दात

भोसरीच्या गिअरशॉपमध्ये, जेवणाच्या सुट्टीत,
आगलावे इन्स्पेक्टर डब्याच्या झाकणावर
भाकरीच्या तुकड्यांची चाकं मांडायचे,
एक पुढे एक मागे, एकात एक अडकलेली.
"हा टायगर. सत्तावन्न टन.
आतलं एक चाक बदलायचं
तर बाहेरची नऊ उतरवा.
आणि रशियात रात्री चिखल गोठला की
सकाळी सगळी एकमेकांना धरून बसलेली,
वाटणी न झालेल्या भावांसारखी."

मग कुणीतरी म्हणालं, चिलखत वाढवा.
दुसरा आला, सत्तर टनांचा.
इंजिन सातशेच घोड्यांचं.
"घोडे तेवढेच, वरात वाढली."
पूल त्याला भ्यायचे, तो पेट्रोलच्या काट्याला.
त्यानंतर एकशे अठ्ठ्याऐंशी टन,
"आणि नाव काय ठेवावं? उंदीर!"
इथं त्यांना दरवेळी ठसका लागायचा.

कितीतरी गोळा न लागताच मेले.
रस्त्याकडेला, चढावर,
शेवटच्या गिअरचे दात तुटून.
चालक खाली उतरायचा
आणि आपल्याच रणगाड्याला सुरुंग लावायचा.

मी तेव्हा अप्रेंटिस, हातात मायक्रोमीटर थरथरायचा.
विचारलं, जर्मनांना दात कापता येत नव्हते?

आगलाव्यांनी एक चाक खाल्लं.
दुसरं खाल्लं.
पाणी प्यायले.
"कापत कोण होतं, ते विचार.
पोलंडातून, युक्रेनमधून धरून आणलेली पोरं.
पाण्यासारखं सूप, बारा बारा तास मशीनवर.
त्यातल्या एखाद्यानं
भट्टी दहा मिनिटं आधी उघडली असेल.
कागदोपत्री कुठंच नाही हे, मी आपला म्हणतो.
असला दात वरून चकचकीत दिसतो.
गेज गप्प बसतो.
सत्तर टन चढाला लागले
की मगच तो बोलतो."

भोंगा झाला.
टेबलावर साखर कारखान्याचा गिअर पडला होता,
त्याच्या दातांवरून त्यांनी अंगठा फिरवला,
सवयीनं, मोजल्यासारखा.
"अठ्ठावीस वर्षं लोकांच्या चुका पकडतोय.
त्या पोराचा दात माझ्या टेबलावर आला असता ना..."

पुढचं बोलले नाहीत.
शिक्का उचलला, हिरव्या शाईत टेकवला
आणि रिकाम्या डब्याच्या झाकणावर
हलकेच उठवला. पास.

काकूंनी संध्याकाळी ते राखेनं घासलं असेल.
आमच्या खात्याची ती शाई
सहजासहजी निघत नसे.