चालू रीडिंग

मार्चची सतरा. सेलूत सकाळी नवालाच
पत्र्याला हात लावायची सोय नाही.
माझ्याकडं एकशे चाळीस मीटर, एक मोबाइल,
तोंडाला रुमाल,
आणि कंत्राटदाराचा मेसेज :
फोटो स्पष्ट पाहिजे. आकडे दिसले पाहिजेत.
बाकी काही नको.

बाकी काही नको, हे मलाही मान्य आहे.
फोटो मारायचा, पुढचं दार गाठायचं.
लोक मला बिल बघावं तसं बघतात.
पाणी देतात,
पण तांब्या जरा जोरातच टेकवतात.

तेली गल्लीत काष्टेंच्या भिंतीवर,
बरोबर मीटरच्या खाली,
खडूनं लिहिलेलं :
मी रुसलो आहे. मला जेवायला बोलावू नये.
खाली सही, सहीला दोन रेघा.
त्याखाली हळदीच्या बोटानं :
आज धपाटे आहेत.
त्याखाली पुन्हा खडू, अक्षर घाईतलं :
किती?

आकडा होता चार हजार दोनशे सहा.
मी तो नीट घेतला.
पण पुढची दोन दारं
रुमालाच्या आतलं तोंड काही ऐकेना.

हबीबुन्निसा खाला मला गल्लीच्या टोकाला बघतात
आणि आत पळतात.
पंखा बंद. फ्रिज बंद.
जावई झोपलेला, त्याच्या उशाचा कूलर बंद.
मग पदर सावरत दारात : "अब लेव."
खाला, आकडा महिन्याभराचा असतो,
आत्ताचा नसतो,
तीन वर्षं झाली सांगतोय.
"मालूम है रे. पन फोटू के टैम
उने चुप खडा रहना ना."
आतून जावयाचा आवाज आला, झोपेतला, घामेजलेला :
"हो गया क्या फोटू?"

मग तीसेक घरं नुसतीच.
कुलूप. कुत्रं. कुलूप.
एका पेटीत गांधीलमाशांचं पोळं,
तिथं मी लांबूनच आकडा अंदाजे वाचला,
हे कुणाला सांगू नका.

मोंढ्यामागं पंपटवार मास्तर.
बाई गेल्यापासून त्यांचं मीटर
फिरायचं म्हणून फिरतं.
अकरा युनिट. बारा. पुन्हा अकरा.
दिवाळीच्या महिन्यात नऊ.
आज बघतो तर चौतीस.
मी दोनदा पुसली काच.

मास्तर, वाढलं हो.
"मिक्सर घेतला," मास्तर म्हणाले,
एखादा पोरगा चोरून आणलेली कैरी दाखवील तसे.
"शेंगदाण्याची चटणी शिकायलो."
वाटी आणली. माझ्या तळहातावर चिमूट ठेवली,
आणि परीक्षकाकडं बघावं तसे बघत उभे राहिले.
आयुष्यभर दुसऱ्यांना मार्क दिलेला माणूस.

मीठ लई झालंय, मास्तर.

त्यांनी स्वतः एक चिमूट तोंडात टाकली.
डोळे मिटून बराच वेळ घोळवली.
"हां," म्हणाले,
"तिचंबी व्हायचं."
आणि वाटी घेऊन आत गेले
पहिला नंबर आल्यासारखे.

मी रुमाल वर ओढला, मोबाइल धरला, फोटो मारला.

संध्याकाळी ऑफिसात सोनटक्के मॅडम
एकेक फोटो मोठा करून बघत होत्या.
अठ्ठ्याऐंशीला थांबल्या.
बोटांनी अजून मोठा केला.
आकडे बाजूला सरकले, काच राहिली.
"हा कोण हसायलाय मीटरमधी?"

मॅडम, माझ्या तोंडाला रुमाल आहे की.

"डोळ्याला कुठंय?"

फोटो बाद.
एका बाद फोटोला सहा रुपये कटतात.
शेरा त्यांनी स्वतः टाइप केला, एका बोटानं, सावकाश :
काचेवर चमक. पुन्हा जाणे.

जातो की.
येताना भाकरी बांधून नेतो एक.
नुसती चटणी किती खाणार.