उतार

चौतीस वर्षं सिटी सर्व्हेच्या ऑफिसात
मी दुसऱ्यांच्या हद्दी गिरवल्या.
ट्रेसिंग क्लॉथवर, काळ्या शाईनं, श्वास धरून.
रेघ केसभर सरकली की दोन भाऊ कोर्टात.

आता दांडिया बाजारात, तिसऱ्या मजल्यावर
श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत रंग कालवते.
एक भाग रंग, दोन भाग फेविकॉल, पाणी अंदाजानं.
धार मधासारखी पडायला हवी,
असं खालच्या जिममधली जिग्ना म्हणाली
आणि ट्रेडमिलचं तेल दिलं होमिओपॅथीच्या बाटलीत:
"बे टीपां, मासी. वधारे नहीं."

डब्यात एकावर एक पांढरा, मोरपिशी, गेरू,
पुन्हा पांढरा, मग तो काळा
जो जन्मभर फक्त रेघेपुरता वापरला.
कॅनव्हास वर झाकला,
मुदीचा भात पाडावा तसं सगळं उलटं केलं
आणि डबा उचलला.

काय सांगू.
काळा मोकळा सुटला.
तेलाचे थेंब तळातून वर आले,
एकेकानं आपापला वाटोळा प्लॉट पाडला,
ना खुंट, ना नंबर,
आणि शेजाऱ्याचं कुंपण खात निघाला.
मी हेअर ड्रायर घेऊन उभी.
थांबवायचं की ढकलायचं, ठरेना.

गायतोंड्यांचा नातू वाकून म्हणाला, मगर!
विश्वामित्रीतली. ही बघा शेपूट.
त्याच्या आईला छातीचा एक्स-रे दिसला.
मी म्हटलं, काही नाहीये ते.
पहिल्यांदाच काही नसलेलं काढलंय,
राहू दे की जरा.

रात्री परात झाकून ठेवली. सकाळी
सगळं चित्र नैर्ऋत्येला गेलेलं.
अर्धा कॅनव्हास फिकट, उघडा,
आणि कोपऱ्यावरून उतरून लादीवर
एक मोरपिशी बोट, थेट मोरीकडे.

माळ्यावरची पाणसळ काढली.
बुडबुडा दोन्ही रेघांच्या बाहेर.
म्हणजे घरच कललेलं.
इतकी वर्षं या खोलीत जेवलो, भांडलो,
हे गेले तेव्हा इथेच निजवलं होतं,
उतार कुणाला जाणवला नाही.
फक्त मटार सोलताना एखादा दाणा
दर वेळी त्याच कोपऱ्यात पळायचा
आणि मी म्हणायची, दाणाच द्वाड.

आता कॅनव्हासखाली चार वाट्या,
त्यातल्या एकीखाली घडी घातलेलं लाइटबिल.
बुडबुडा मधोमध.
दुसरं चित्र ओतलं. ते जागच्या जागी राहिलं,
चारी कोपरे भरून, शहाण्यासारखं.
जिग्नाला देऊन टाकलं, जिममध्ये लावायला.

लादीवरचं बोट खरवडायला सुरी आणली होती.
ती हातात घेऊन तशीच बसले.
वाळल्यावर त्याच्या कडेनं
एक काळी रेघ उमटलीय, केसाएवढी, अखंड.
मी काढलेली नाही.