तीस सेकंदांचं पान

डोकं आधी मोज, म्हणते व्हर्ना टिझर्ड.
नाकाच्या मुळापासून मानेवरच्या उंचवट्यापर्यंत,
मग या कानापासून त्या कानापर्यंत.
आणि टेप अशी ओढू नकोस,
मासा नाही तो.

तिला माहीत आहे मी कुठून आले.
न्यूफाउंडलंडच्या दक्षिण किनाऱ्यावर
बावीस वर्षं कॉड सोलत,
हात मनगटापर्यंत गार पाण्यात.
कणा बघावा लागत नसे, बोटं सांगत.
कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा मी सत्तेचाळीसची
आणि अर्जावर रकाना: अंगी असलेली कौशल्यं.
मी लिहिलं, रात्रपाळी.

तर आता हातात लाल मेणाची पेन्सिल.
दहा टक्के, वीस टक्के, पुन्हा वीस.
फुली पडेल तिथली कातडी जराशी खरवडायची,
पेस्ट, सोनेरी वाटी, वर जाळीचा चौकोन.
व्हर्नाला एका डोक्याला अठरा मिनिटं,
मला पाऊण तास.
शेवटी सगळ्या तारांची वेणी घालायची.
दोन्ही मुलगेच मला. वेणी इथे शिकले.

झोप पानापानाने वाचतात,
एक पान तीस सेकंदांचं,
रात्रीची साडेनऊशे पानं.
सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही म्हणतात.
इथे करावं लागत नाही. पडद्यावर दिसतंच,
मिटल्या पापण्यांमागे कोणीतरी हप्ते मोजतंय.

साडेदहाला दिवे बंद.
मग स्पीकरवरून मी, परीटघडीच्या आवाजात:
मिस्टर स्नूक, नुसत्या डोळ्यांनी डावीकडे बघा. उजवीकडे.
पाच वेळा पापण्या मिचकावा.
दात आवळा.
आता घोरल्यासारखं करा.
ॲम्ब्रोज स्नूक, एकाहत्तर, हयात ट्रॉलरवर गेलेली,
घोरून दाखवतो आणि लाजतो.
अंधारात म्हणतो, मला कुणी सांगितलंच नाही,
जहाजावर इंजिन असायचं ना.

पावणेदोन. श्वासाची रेघ आडवी झाली.
छाती हलतेय, पोट हलतंय, हवा नाही.
दहा सेकंद. वीस.
मी खुर्चीतून उठलेली.
बस, म्हणाली व्हर्ना, कॉफीचा कप खाली न ठेवता.
मोज.
एकतीस. चाळीस. ऑक्सिजन ब्याऐंशी.
भिंतीपलीकडे माणूस बुडतोय
आणि मी मोजतेय.
सेहेचाळीसला तो गादीवर उसळला,
घशात हवा ओढली खर्रकन,
आणि कूस बदलून झोपलेलाच राहिला.

तू आत गेली असतीस, व्हर्ना म्हणाली,
तर त्याला बरं वाटलं असतं, आजच्यापुरतं.
आणि आमच्या हातात काहीच राहिलं नसतं
त्याला मास्क द्यायला.
मग कप ठेवला तिने. तेव्हा दिसलं,
कॉफी कधीच संपली होती.

मंगळवारी पाळी उलटली.
शिकाऊंनी एकमेकांवर हात बसवायचा असतो.
गादीवर मी, पडद्यापाशी डेक्लन, तेवीस वर्षांचा,
माझ्या धाकट्यापेक्षा लहान.
डोळा लागणारच नाही म्हटलं होतं मी.
सकाळी तो पानं घेऊन आला:
चारशे बारावर तू हसलीस.
कशाला?
मला कसं ठाऊक.

कॅमेऱ्यात पाहिलं.
करड्या उजेडात एक बाई, डोक्यातून वेणी निघालेली,
उजवा हात पांघरुणाबाहेर,
अंगठा आणि तर्जनी
हळूहळू कशाच्या तरी कण्यावरून सरकतायत.
कागदावर हनुवटीपाशी नुसती जाड शाई.
डेक्लनने लिहिलं होतं: दुसरा टप्पा. हालचाल.
बरोबर आहे, म्हणाली व्हर्ना,
हसण्याला रकाना नाही.

घरी येऊन तीनदा केस धुतले.
पेस्ट निघत नाही कानामागची.
पूर्वी मासळीचा वास असाच निघत नसे,
लिंबू चोळायचे मी.
आज लिंबू नव्हतं घरात.
तशीच आडवी झाले, पडदे ओढून, भर सकाळी.