पहिली दिसते ती पापणी

केम्चीच्या शाळेत सूक्ष्मदर्शक एकच होता,
मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्याने मोडीत काढलेला.
आरसा फुटलेला, म्हणून खालून विजेरी धरायची,
आणि विजेरी धरायचा मान दर तासाला एकाचा.

ओयार्सून बाई म्हणाल्या, कांदा सगळेच सोलतात,
आपण बटाटा कापू.
आमच्या बेटावरचा, आतून जांभळा,
ब्लेडने इतका पातळ की त्यातून खिडकी दिसावी,
खिडकीतून खाडी.
दवाखान्यातून मागून आणलेल्या आयोडीनचा एक थेंब.
वर काच तिरकी टेकवून, हळू,
हवेचा बुडबुडा अडकला
तर जन्मभर त्यालाच पेशी म्हणाल.

मी वाकले.
एक काळं, वाकडं मुसळ दिसलं.
"दिसली! हलतेय!"
बाईंनी न बघताच सांगितलं,
"ती तुझी पापणी, एल्सिरा."
दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायचं यंत्र,
आणि पहिलं दिसतं ते हे.

मग काचपट्टी उजवीकडे ढकलली
तर जग डावीकडे पळालं.
मोठा स्क्रू नको, छोटा. श्वास नको.
आणि धुक्यातून घरं वर आली,
भिंतीला भिंत, मध्ये बोळसुद्धा नाही,
खोल्याखोल्यांत निळेकाळे गोटे रचलेले,
जणू कुणी हिवाळ्याची बेगमी केली
आणि दार ठेवायचं विसरून गेलं.

केंद्रक शोधायचं होतं. मला सापडलं नाही.
वहीत मात्र मी ते ठसठशीत काढलं.
बाईंनी शेजारी लाल शाईत लिहिलं:
जे दिसलं नाही ते काढू नये.

बावीस वर्षं झाली.
आता मी आंकुदच्या प्रयोगशाळेत समुद्र मोजते.
आयोडीनचा वास तोच, बाटल्यांत चहाच्या रंगाचं पाणी,
चौकटी आखलेली काच, मुठीत टिकटिकणारं मोजयंत्र.
लोक म्हणतात, डोळ्यांत तेल घालून बघ गं.
घालते. काचेवर,
ओळख पटत नाही तेव्हा, शंभरपटीच्या भिंगाखाली.
अलेक्झांड्रियम: एकच पेशी, चिलखत घातलेली,
कधी दोघी-चौघी साखळीत.
शिंपला उकळला तरी तिचं विष उकळत नाही.
लिंबाचं तर नावच नको.

मे महिन्यात आकडा चढला.
बाबांचा फोन. ते पाणबुडे,
तीस वर्षं त्याच खडकांवरून शिंपले काढतात.
"किती?"
सांगितलं.
"नीट मोजलंस?"
तीनदा.
"एखादी चौकट सोडली असतीस तर..."
पुढचं वाक्य त्यांनीच पाण्यात सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी स्वतः आले.
ओले बूट दाराशी, टोपी हातात.
"दाखव बघू, कोण माझी होडी बांधून ठेवतंय ते."
मी स्टूल दिलं, उंची जुळवली.
भिंगाखाली ती होती, आयोडीनने थिजलेली,
धाकट्याची फी, इंजिनाचा हप्ता,
सगळं एका केसाच्या रुंदीहून कमी जागेत.
बाबा वाकले. खूप वेळ गप्प.

"दिसली," म्हणाले. "काळी आहे. लांबट. वाकडी."
आणि आवाजात थोडा आदरही होता,
शत्रू अखेर समोर आल्याचा.

तसंच राहू द्यावं, असं क्षणभर वाटलं.

"बाबा," मी म्हटलं,
"डोळा जरा मागे घ्या.
आता थांबा."