पान सतरा

मंगळवारी बोटीतून आमची गाडी उतरते
ऑर्कनीत, वेस्ट्रेच्या धक्क्यावर.
दोन हजार पुस्तकं, एक हीटर आणि मी.
वारा असा, की दार दोन्ही हातांनी धरावं लागतं,
नाहीतर प्रवासवर्णनं खरंच प्रवासाला निघतात.

मेरन इझबिस्टर पहिली चढते.
एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरात नर्स होती.
म्हणाली, "खून चालेल, रक्त नको.
मेलेला पहिल्या पानाआधीच मेलेला असावा
आणि त्याचं वर्णन करायला कुणी थांबू नये.
मांजर असेल तर तिला काही होता कामा नये."

मी दिली ती मालिका:
गावोगाव पियानोचे सूर जुळवत फिरणारी बाई.
दहा भाग.
बाई घरात शिरते, एक काळी पट्टी दाबते
आणि ओळखते, कुठंतरी पाणी मुरतंय.
त्या पुस्तकांत विषसुद्धा इतकं सभ्य
की मरणारा आधी कपबशी नीट खाली ठेवतो.

दुसऱ्या भागात मेरनला सापडलं:
पान सतरा, खालचा कोपरा,
पेन्सिलीचं गोल, वाटाण्याएवढं.
म्हातारे वाचक अशा खुणा करतात,
वाचलेलंच पुन्हा घरी जाऊ नये म्हणून.
कुणाची फुली, कुणाचं आद्याक्षर, कुणाचा मासा.
पण हे गोल शहाणं होतं.
रक्ताच्या पुस्तकात त्याच्या पोटातून आडवी रेघ,
दाराला अडसर घालावा तशी.
एकदाच मेरननं अडसर जुमानला नाही;
चौथ्या पानावर करवत निघाली.

"कोण गं ही?"
ही, हे तिनं धरूनच चाललेलं.
"मोत्यांचे डूल, विणकाम, हळवं काळीज. सांगून टाक."
मी गप्प.
वाचकाचं नाव आणि डॉक्टरची चिठ्ठी
आमच्या धंद्यात सारखीच.

मग पाचव्या भागात जायफळाचा वास.
सातव्यात, खुणेसाठी ठेवलेला
लाल-पांढऱ्या सुतळीचा तुकडा.
आणि एका शुक्रवारी, मटणाच्या दुकानात,
अर्लेंड फूबिस्टरनं तीच सुतळी दातांनी तोडली.
सहा फूट दोन इंच. एप्रनवर सगळी सकाळ सांडलेली.
"ते वाटाण्याएवढं गोल तुझं?"
तो कानांच्या पाळ्यांपर्यंत तांबडा झाला.
"दिवसभर हेच बघतो, बाई.
संध्याकाळी माणसांनी फक्त चहा सांडावा."

पुढच्या मंगळवारी दोघं एकदमच चढले.
गाडी त्याच्या बाजूला जराशी कलली.
फळीवर नवव्या भागानंतर
तीन बोटं मोकळी जागा.
"दहावा?"
"मागवलाय."
"कुणाकडे आहे?"
"नियम आहे, सांगता येत नाही."
चोराच्या मनात चांदणं म्हणतात;
आमच्याकडे तर जूनभर आभाळातही लपायला जागा नसते.

मेरन माझ्याकडे बघत राहिली.
मास्कच्या वरचे नुसते डोळे वाचत
जिनं एकतीस वर्षं काढली
तिच्यापुढे मी उगाच शिक्के सारखे करत होते.
"कधीपासून, इंगा?"
"फेब्रुवारी."

दहावा भाग माझ्या घरी आहे.
खिडकीपाशी, निळ्या खुर्चीच्या हातावर, पालथा.
वर आईचा चष्मा, घडी न घातलेला.
पान दोनशे अकरा.
वीस पानं राहिली होती तिची.

त्याचं वर्णन करायला कुणी थांबलं नाही.
मेरननं किटली हीटरवर सरकवली.
अर्लेंडनं कागदात बांधलेलं काहीतरी
नोंदवहीशेजारी ठेवलं, आणि वाऱ्याबद्दल बोलला.

दंड भरला, चार पौंड वीस.
पावती देणारी मी, घेणारी मी.
वीस पानं त्याच खुर्चीत बसून वाचली.
खुनी कोण ते सांगत नाही;
मला वाटला होता तो नव्हता.

आता दहावा फळीवर असतो.
पान सतरावर आईचा मासा आहे.
ती खूण सुरुवातीलाच करून टाकायची,
शेवटाची वाट बघत बसायची नाही.
अर्लेंडनं त्याचं गोल काढलंय
बरोबर माशाच्या तोंडासमोर,
बुडबुड्यासारखं.